वाचकांचे प्रश्न : प्रतिसाद आणि रिअ‍ॅक्शन यांसाठी टेबलांची आखणी

संकेतस्थळावर वाचकांचे प्रतिसाद आणि रिअ‍ॅक्शन साठवण्यासाठी डेटाबेसची रचना कशी असावी, याविषयीचे पाच प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. टेबलांची आणि कॉलमांची नावे वाचायला सोपी जावीत म्हणून मराठीत दिली आहेत. प्रत्यक्ष काम करताना आपापल्या पद्धतीची नावे ठेवावीत.

प्रश्न : आमच्या दिवाळी अंकाच्या संकेतस्थळावर प्रत्येक लेखाचे सगळे प्रतिसाद लेखाच्याच टेबलात, एका कॉलममध्ये, जेसन स्वरूपात (अनेक गोष्टी एकाच मजकुरात ठरावीक पद्धतीने लिहून) साठवले जातात. पसंती देणाऱ्या वाचकांचे क्रमांकही तिथेच स्वल्पविराम देऊन लिहिलेले असतात. आजवर अडचण आलेली नाही. तरीही रचना बदलावी का? (कोल्हापूर)

बदलावी, आणि अंक प्रसिद्ध होऊन गर्दी सुरू होण्याआधी बदलावी. अडचण आलेली नाही असे आपल्याला वाटते, याचे एक कारण असे की या रचनेतली सर्वांत वाईट चूक कसलाही आवाज न करता घडते. दोन वाचकांनी एकाच लेखावर जवळजवळ एकाच क्षणी प्रतिसाद दिला, तर दोघांसाठीही प्रोग्राम जुना मजकूर वाचतो, त्याला नवा प्रतिसाद जोडतो आणि संपूर्ण मजकूर परत लिहितो. ज्याचे लिहिणे नंतर होते त्याचा प्रतिसाद राहतो आणि आधीच्याचा नाहीसा होतो. डेटाबेसच्या दृष्टीने दोन्ही कामे यशस्वी झालेली असल्यामुळे कुठेही त्रुटी नोंदली जात नाही. ज्याचा प्रतिसाद गेला, तो बहुधा ‘संपादकांनी काढला असेल’ असे समजून गप्प बसतो.

एडगर कॉड यांनी १९७० साली संबंधात्मक डेटाबेसची, म्हणजे परस्परांशी जोडलेल्या टेबलांत माहिती ठेवण्याची, कल्पना मांडली, तेव्हाच एका रकान्यात एकच मूल्य असावे हे तिचे एक मूळ सूत्र होते. जेसन वाईट नाही. परंतु ज्याला स्वतःचा लेखक आहे, स्वतःची वेळ आहे आणि ज्यावर इतर कोणी काही करणार आहे, अशी गोष्ट दुसऱ्या नोंदीच्या पोटात ठेवू नये. प्रतिसादाला स्वतःची नोंद हवी.

त्यासाठी ‘प्रतिसाद’ या टेबलात स्वतःचा क्रमांक, लेखाचा क्रमांक, प्रतिसाद लिहिणाऱ्या लेखकाचा क्रमांक, ज्याला उत्तर दिले त्या मूळ प्रतिसादाचा क्रमांक, मजकूर, स्थिती, लिहिल्याची वेळ आणि शेवटच्या बदलाची वेळ, एवढे कॉलम पुरतात. थेट लेखावर दिलेल्या प्रतिसादात ‘मूळ प्रतिसाद’ हा रकाना नल, म्हणजे रिकामा, राहतो. क्रमांकासाठी सुरुवातीपासूनच बिगइंट हा मोठ्या पूर्णांकांचा प्रकार घ्यावा. साधा इंट २,१४,७४,८३,६४७ वर संपतो आणि भरलेल्या टेबलात तो बदलणे त्रासाचे असते. वेळ नेहमी यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत साठवावी आणि दाखवताना ती वाचकाच्या स्थानिक वेळेत बदलावी, कारण आपले वाचक केवळ भारतातच आहेत असे नाही.

आता एका बारकाव्याकडे लक्ष वेधतो, जो बहुतेक रचनांमध्ये सुटलेला असतो. ‘मूळ प्रतिसाद’ या कॉलमला त्याच टेबलाची फॉरेन की (रकान्यातला क्रमांक नेमलेल्या टेबलात असलाच पाहिजे, हा नियम) लावली, की अस्तित्वात नसलेल्या प्रतिसादाला उत्तर देता येत नाही, एवढीच हमी मिळते. ते उत्तर त्याच लेखाखालचे आहे याची हमी मिळत नाही. पाककृतीच्या लेखावरील उत्तराचा मूळ प्रतिसाद एखाद्या कथेखालचा असू शकतो, आणि डेटाबेस त्याला हरकत घेत नाही. यावरचा उपाय सोपा आहे: लेख क्रमांक आणि प्रतिसाद क्रमांक या जोडीवर युनिक निर्बंध (तीच जोडी पुन्हा येऊ न देणारा नियम) लावावा, आणि फॉरेन की एका कॉलमची न ठेवता ‘लेख क्रमांक व मूळ प्रतिसाद’ या जोडीची ठेवून ती त्या युनिक जोडीकडे वळवावी. जोडीतला एक रकाना नल असला की अशी फॉरेन की तपासली जात नाही, त्यामुळे थेट लेखावर दिलेल्या प्रतिसादांना ती आडवी येत नाही. लेख क्रमांकाची लेखाच्या टेबलाकडे जाणारी फॉरेन की मात्र वेगळी ठेवावी लागते. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल आणि क्रमांक चढत्या क्रमाने डेटाबेसच देत असेल, तर ‘मूळ प्रतिसादाचा क्रमांक स्वतःच्या क्रमांकापेक्षा लहान असावा’ असा चेक निर्बंधही (नोंद लिहिताना तपासली जाणारी अट) लावावा. त्यामुळे प्रतिसाद स्वतःचेच उत्तर होण्याची किंवा दोन प्रतिसाद एकमेकांची उत्तरे होण्याची शक्यताच उरत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ऑटो इन्क्रिमेंट, म्हणजे आपोआप वाढत्या क्रमांकाच्या, कॉलमवर चेक लावता येत नाही, तिथे ही तपासणी प्रोग्राममध्ये करावी लागते.

हे सगळे प्रोग्राममध्येही तपासता येईल, असे आपण म्हणाल. येईल, परंतु आज एक प्रोग्राम आहे, उद्या मोबाइल ॲप येते, परवा कोणीतरी जुने प्रतिसाद आयात करण्यासाठी लहानशी स्क्रिप्ट लिहितो, आणि या प्रत्येकाला तो नियम ठाऊक असेलच असे नसते. टेबलात लिहिलेला नियम सर्वांना सारखाच लागू होतो.

प्रश्न : उत्तराला उत्तर, त्याला पुन्हा उत्तर, असा धागा असताना तो पूर्ण वाचण्यासाठी प्रत्येक पातळीला वेगळी क्वेरी (डेटाबेसला विचारणा) करावी लागते. त्यासाठी क्लोजर टेबल वापरावे, असा सल्ला मला मिळाला आहे. तो योग्य आहे का? (नाशिक)

आपल्या गरजेपुरता तो जड आहे. क्लोजर टेबलात प्रत्येक प्रतिसादासाठी त्याच्या प्रत्येक पूर्वजाची एक आणि स्वतःची एक अशा नोंदी ठेवाव्या लागतात. म्हणजे सहाव्या पातळीवरच्या एका उत्तरामागे सहा नोंदी येतात. शाखाच्या शाखा एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवायच्या असतील किंवा कोणत्याही प्रतिसादाखालची संख्या वारंवार विचारायची असेल, तर हा खर्च सार्थकी लागतो. वाचकांच्या चर्चेत शाखा हलवण्याची वेळ क्वचितच येते.

प्रत्येक पातळीला वेगळी क्वेरी करण्याची मात्र मुळीच गरज नाही. प्रत्येक प्रतिसादात लेख क्रमांक आहेच. तेव्हा ‘लेख क्रमांक, लिहिल्याची वेळ’ असा इंडेक्स (नोंदी पटकन शोधून देणारी सूची) करावा, लेखाचे सगळे प्रतिसाद एकाच क्वेरीने आणावेत आणि त्यांचे झाड प्रोग्राममध्ये बांधावे. काही शे प्रतिसादांपर्यंत यापेक्षा अधिक कशाचीच आवश्यकता नसते. एखाद्याच प्रतिसादाखालची शाखा हवी असेल तेव्हा रिकर्सिव्ह क्वेरी, म्हणजे स्वतःच्याच निकालावर पुन्हा पुन्हा चालणारी क्वेरी, वापरावी. ही सोय पोस्टग्रेसमध्ये २००९ पासून, एसक्यूलाइटमध्ये २०१४ पासून आणि मायएसक्यूएलमध्ये २०१८ साली आलेल्या ८.० या आवृत्तीपासून आहे. तिच्यासाठी ‘मूळ प्रतिसाद’ या कॉलमवर इंडेक्स लागतो, आणि येथे एक फरक ध्यानात ठेवावा: मायएसक्यूएलचे इनोडीबी इंजिन फॉरेन कीसाठी इंडेक्स आपणहून तयार करते, पोस्टग्रेस तसे करत नाही.

संकेतस्थळे चालवणाऱ्या वर्डप्रेस या प्रणालीने इतकी वर्षे प्रतिसादांच्या टेबलात मूळ प्रतिसादाचा एकच कॉलम ठेवून काम चालवले आहे आणि धाग्याची खोली तिथे मूळ मांडणीत पाच पातळ्यांची असते. खोलीला मर्यादा घालणे हा मला तांत्रिकदृष्ट्याच नव्हे, तर वाचकाच्या दृष्टीनेही योग्य निर्णय वाटतो. मोबाइलच्या पडद्यावर सातव्या पातळीचे उत्तर उजव्या कडेला चिकटलेल्या तीन अक्षरांच्या ओळींमध्ये वाचावे लागते.

प्रतिसाद हजारोंनी येऊ लागले आणि झाडाच्या क्रमानेच ते पानापानाने दाखवायचे ठरले, तर ‘मार्ग’ असा एक कॉलम वाढवून त्यात पूर्वजांचे आणि शेवटी स्वतःचा असे क्रमांक ठरावीक लांबीत शून्ये भरून एकापुढे एक लिहावेत. त्या एका कॉलमवर क्रम लावला की संपूर्ण झाड योग्य क्रमाने येते. पाने पाडताना ‘पहिले दोन हजार सोडून पुढचे वीस द्या’ असे विचारू नये, कारण सोडलेल्या दोन हजार नोंदीही डेटाबेसला वाचाव्याच लागतात, आणि मध्येच नवा प्रतिसाद आला तर एखादा प्रतिसाद दोन पानांवर दिसतो. ‘या मार्गाच्या पुढचे वीस’ असे विचारावे.

प्रश्न : लेख आणि प्रतिसाद या दोन्हींवर इमोजीने रिअ‍ॅक्शन देण्याची सोय करायची आहे. ‘कोणत्या प्रकारच्या गोष्टीवर’ आणि ‘तिचा क्रमांक’ असे दोन कॉलम ठेवून एकाच टेबलात काम भागेल का? शिवाय एका वाचकाने दोनदा बटण दाबले की कधीकधी दोन नोंदी होतात, त्या कशा थांबवाव्यात? (मडगाव)

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या उत्तरातून टेबलाचा आकार ठरतो. कोड लिहिण्याआधी नियम ठरवावा लागतो. फेसबुकने फेब्रुवारी २०१६ मध्ये लाइकच्या जोडीला आणखी पाच रिअ‍ॅक्शन आणल्या, तेव्हा एका व्यक्तीला एका वेळी एकच निवडता येईल असे ठेवले. दुसरी निवडली की पहिली जाते. त्याच वर्षी मार्चमध्ये गिटहब या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळाने रिअ‍ॅक्शन सुरू केल्या, तिथे एकच व्यक्ती एकाच मजकुरावर अंगठा आणि बदाम दोन्ही देऊ शकते. पहिल्या पद्धतीत प्रायमरी की (नोंदीची एकमेव ओळख) ‘वाचक, प्रतिसाद’ अशी दोन कॉलमांची होते आणि रिअ‍ॅक्शनचा प्रकार हा साधा कॉलम राहतो. दुसऱ्या पद्धतीत प्रायमरी की ‘वाचक, प्रतिसाद, प्रकार’ अशी तीन कॉलमांची होते. स्वतंत्र क्रमांकाच्या कॉलमची गरज दोन्हींत नाही. माझा कल पहिल्या पद्धतीकडे आहे. साहित्यविषयक चर्चेत एकाच माणसाचे चार इमोजी दिसल्याने कोणाच्या ज्ञानात भर पडते असे वाटत नाही.

दुहेरी नोंदी होण्याचे कारण असे की आपला प्रोग्राम आधी ‘नोंद आहे का’ ते पाहतो आणि नसल्यास घालतो. बटण दोनदा दाबले गेले की दोन्ही विनंत्या एकाच वेळी पाहतात, दोघींनाही नोंद दिसत नाही आणि दोघीही ती घालतात. वर सांगितलेली प्रायमरी की असेल, तर दुसरी नोंद डेटाबेसच नाकारतो. आधी पाहण्याची पायरी काढून टाकावी आणि एकाच आज्ञेत ‘घाला, आधीच असेल तर प्रकार बदला’ असे सांगावे, पोस्टग्रेसच्या ९.५ या आवृत्तीपासून त्यासाठी ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ आहे आणि मायएसक्यूएलमध्ये ‘ऑन ड्युप्लिकेट की अपडेट’ आहे.

लॉगिन न केलेल्या वाचकांनाही रिअ‍ॅक्शन देऊ द्यायची असेल, तर वाचकाचा रकाना नल ठेवून साध्या युनिक निर्बंधावर विसंबू नये. दोन नल एकमेकांसारखे धरले जात नसल्याने त्या निर्बंधातून कितीही नोंदी आत जातात. पोस्टग्रेस १५ मध्ये नल सारखे धरण्याचा पर्याय आहे खरा, पण मग सगळे अनामिक वाचक मिळून एकच वाचक ठरतात! अशा वाचकाच्या ब्राउझरला एक यादृच्छिक ओळख देऊन तीच साठवावी, आणि ती पुसली जाऊ शकते हे गृहीत धरून त्या आकड्यांवर फार विश्वास ठेवू नये.

आता पहिला प्रश्न. ‘प्रकार आणि क्रमांक’ ही जोडी आटोपशीर दिसते, परंतु एकच कॉलम कधी लेखाकडे तर कधी प्रतिसादाकडे बोट दाखवत असल्याने त्याला फॉरेन की लावता येत नाही. मग प्रतिसाद काढल्यावर त्याच्या रिअ‍ॅक्शन मागे राहतात आणि एकूण आकडे हळूहळू खोटे होत जातात. ‘लेख रिअ‍ॅक्शन’ आणि ‘प्रतिसाद रिअ‍ॅक्शन’ अशी दोन टेबले करावीत. दोन्हींची रचना सारखी असल्याने कोड दोनदा लिहावा लागेल ही भीती अनाठायी आहे. टेबलाचे नाव एका ठिकाणी बदलून तेच फंक्शन वापरता येते. एकच टेबल हवेच असेल, तर त्यात लेख आणि प्रतिसाद असे दोन फॉरेन कीचे कॉलम ठेवून ‘दोहोंपैकी नेमका एक भरलेला असावा’ असा चेक लावावा. मात्र मायएसक्यूएल ८.०.१६ च्या आधीच्या आवृत्त्या चेक निर्बंध निमूटपणे वाचतात आणि सोडून देतात, त्यामुळे सर्व्हरची आवृत्ती पाहिल्याशिवाय त्याच्या भरवशावर राहू नये.

इमोजीविषयी आपण विचारलेले नाही, पण सांगणे आवश्यक आहे. रिअ‍ॅक्शनच्या टेबलात इमोजीचे चिन्ह साठवू नये. ‘रिअ‍ॅक्शन प्रकार’ असे लहानसे टेबल करून त्यात क्रमांक, नाव आणि दाखवायचे चिन्ह ठेवावे आणि इतरत्र फक्त क्रमांक वापरावा. डोळ्यांना अगदी एकसारखे दिसणारे लाल बदाम युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिले जाते, रंगीत रूप सुचवणाऱ्या अदृश्य खुणेसह आणि तिच्याविना. दोन मोबाइलांवरून आलेली ही दोन रूपे डेटाबेसला वेगळी वाटून वेगळी मोजली जातात. मायएसक्यूएलमध्ये याच्या अगदी उलट गंमत घडते. तिथे ‘यूटीएफ८एमबी४ युनिकोड सीआय’ हे जुने कोलेशन (अक्षरांची तुलना करण्याचे नियम) असेल, तर मूळ ६५,५३६ संकेतांच्या पलीकडची सगळी चिन्हे, म्हणजे बहुतेक इमोजी, तुलनेत एकमेकांसारखी ठरतात. वाचकाने हसरा चेहरा दिल्यानंतर अंगठा दिला तर ‘ही नोंद आधीच आहे’ असे उत्तर मिळते. ८.० मधल्या नव्या मूळ कोलेशनमध्ये हा दोष नाही.

प्रतिसादाच्या मजकुरात इमोजी येणारच, आणि तिथे मराठी संकेतस्थळांसाठी एक खास सापळा आहे. मायएसक्यूएलच्या जुन्या ‘यूटीएफ८’ या प्रकारात एका चिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट मिळतात. देवनागरीचा प्रत्येक संकेत बरोबर तीन बाइटांत बसतो, त्यामुळे मराठी मजकुराच्या सगळ्या चाचण्या उत्तीर्ण होतात. बहुतेक इमोजींना मात्र चार बाइट लागतात. सर्व्हरचे कडक धोरण चालू असेल तर तो प्रतिसाद नाकारला जातो. बंद असेल तर इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर कापला जातो, आणि हे अधिक वाईट. टेबल, कॉलम आणि जोडणी या तिन्ही ठिकाणी ‘यूटीएफ८एमबी४’ असल्याची खात्री करावी.

प्रश्न : प्रत्येक प्रतिसादापुढे रिअ‍ॅक्शनची संख्या दाखवायची आहे. दर वेळी मोजावी की संख्या साठवून ठेवावी? (ठाणे)

आधी मोजून पाहावे. बहुतेक वेळा पान मंद होते ते मोजण्यामुळे नव्हे, तर पानावरच्या शंभर प्रतिसादांसाठी शंभर वेगळ्या क्वेरी केल्यामुळे. पानावरील प्रतिसादांचे क्रमांक एकाच क्वेरीला देऊन ‘प्रतिसाद आणि प्रकार यांनुसार गट करून मोजा’ असे सांगावे. यासाठी प्रतिसादाचा क्रमांक आधी आणि प्रकार नंतर, असा इंडेक्स हवा. ज्या प्रायमरी कीची सुरुवात वाचकापासून होते, ती या कामाला उपयोगी पडत नाही.

तेवढ्याने भागले नाही तर संख्या साठवावी. वर्डप्रेसही लेखांच्या टेबलात प्रतिसादांची संख्या साठवून ठेवतो. मात्र ‘संख्या वाचा, एक मिळवा, परत लिहा’ असे न करता ‘आहे त्यात एक मिळवा’ असे एकाच आज्ञेत सांगावे, ते रिअ‍ॅक्शन घालण्याच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळी होतात किंवा एकही होत नाही अशा कामांच्या गटात) करावे, आणि नोंद खरोखरच नवी झाली असेल तेव्हाच करावे. आधीचा प्रकार बदलला असेल तर एकातून वजा आणि दुसऱ्यात अधिक. खूप गाजलेल्या लेखावर मात्र सगळ्या विनंत्या त्याच एका नोंदीच्या लॉकसाठी, म्हणजे ती बदलण्याच्या हक्कासाठी, रांग लावतात. अशा वेळी संख्या थोडी उशिरा, दर मिनिटाला एकदम वाढवली तरी वाचकाचे काही बिघडत नाही. साठवलेली संख्या ही नक्कल आहे. मूळ नोंदी मोजून ती रोज रात्री ताडून पाहणारी क्वेरी पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी.

प्रश्न : आक्षेपार्ह प्रतिसाद काढला की त्याखालची चांगली उत्तरेही जातात. ती कशी राखावीत? काढलेला मजकूर कायमचा पुसावा का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तरे जातात, याचा अर्थ ‘मूळ प्रतिसाद’ या फॉरेन कीवर कॅस्केड (मूळ नोंद पुसली की तिला जोडलेल्या नोंदीही पुसण्याचा नियम) लावलेले आहे. ते काढावे आणि त्या जागी रिस्ट्रिक्ट ठेवावे, म्हणजे उत्तरे असलेली नोंद पुसताच येणार नाही. प्रतिसाद काढणे म्हणजे नोंद पुसणे नव्हे, तर तिची ‘स्थिती’ बदलणे. प्रलंबित, प्रकाशित, लेखकाने काढलेला, संपादकाने काढलेला, अशा चार स्थिती पुरेशा होतात. ‘काढला आहे का’ असा हो-नाहीचा कॉलम ठेवल्यास कोणी काढला हा पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो. कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणाने काढला हे वेगळ्या ‘संपादन नोंद’ टेबलात ठेवावे. पानावर त्या जागी ‘हा प्रतिसाद काढण्यात आला आहे’ एवढेच दिसेल आणि उत्तरे जागच्या जागी राहतील.

कायमचे पुसण्याच्या बाबतीत दोन बाजूंनी ओढ आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार मध्यस्थाने (इतरांचा मजकूर प्रसिद्ध करणाऱ्या सेवेने) काढलेला आक्षेपार्ह मजकूर तपासाच्या कामासाठी १८० दिवस जपून ठेवायचा असतो, आणि न्यायालयाने किंवा अधिकृत यंत्रणेने सांगितल्यास त्याहूनही अधिक काळ. दुसरीकडे, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क व्यक्तीला दिलेला आहे. आपले संकेतस्थळ यांपैकी कशात किती बसते हे वकिलाला विचारावे. टेबलांची रचना मात्र दोन्ही गोष्टी शक्य होतील अशी हवी. त्यासाठी काढलेला मजकूर मूळ टेबलातून ‘काढलेला मजकूर’ या वेगळ्या टेबलात हलवावा, तिथे ‘कधीपर्यंत ठेवायचा’ असा तारखेचा कॉलम ठेवावा, ते टेबल वाचण्याचा अधिकार एकदोघांनाच द्यावा आणि मुदत संपलेल्या नोंदी पुसणारे काम रोज आपोआप चालवावे. मूळ टेबलात मजकुराचा रकाना नल होतो आणि झाडातली जागा तशीच राहते.

वाचकाने खातेच बंद केले, तर लेखक क्रमांकाच्या फॉरेन कीवर ‘सेट नल’ लावलेले असावे, म्हणजे प्रतिसाद राहतो आणि नाव जाते. त्याने दिलेल्या रिअ‍ॅक्शनना मात्र कॅस्केड चालते, कारण त्यांच्याखाली दुसऱ्या कोणाचे काही लिहिलेले नसते. साठवलेल्या संख्या असतील तर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये त्या कमी कराव्या लागतील, आणि मजकुरात ‘अमुक यांनी म्हटल्याप्रमाणे’ असे इतरांनी लिहिलेले नाव कोणत्याही निर्बंधाने निघत नाही. त्यासाठी संपादकालाच ते प्रतिसाद वाचावे लागतील.